घाम, रक्त, आठवण: पडद्यावरचा माणूस ओळखायचा कसा?

दमयंतीच्या स्वयंवरात एक नळ यायचा होता, समोर उभे होते पाच. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी नळाचंच रूप घेतलेलं. महाभारताच्या वनपर्वात ही गोष्ट येते आणि खरा नळ कसा ओळखू आला तेही तिथे सांगितलं आहे. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळ मात्र घामेजलेला, धुळीने माखलेला, हार सुकलेला, आणि त्याची सावली जमिनीवर पडलेली. माणूस ओळखला गेला तो त्याच्या उणिवांवरून.

ही गोष्ट सांगताना एक बारकावा बहुतेक वेळा गळून जातो. या खुणा दमयंतीला आधी दिसतच नव्हत्या. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एकेक खूण तिने त्या पाचांत शोधली, एकही सापडली नाही, इतकं देवांचं सोंग पक्कं होतं. शेवटी तिने हात जोडून त्या देवांनाच विनवलं. त्यांना तिची दया आली आणि त्यांनी आपापल्या खुणा उघड केल्या. परीक्षा पार पडली ती परीक्षार्थींनी मनावर घेतलं म्हणून.

साय-फाय सिनेमात गेली जवळपास शंभर वर्षं हेच स्वयंवर चाललं आहे. समोर पाच जण उभे, त्यातला माणूस कोण? फरक एवढाच की समोरचे देव नाहीत आणि आपल्या खुणा दाखवण्यात त्यांना काही रस नाही. म्हणून दर वेळी नवी खूण शोधावी लागते. या खुणांचा माग काढला तर एक गोष्ट लक्षात येते. खूण हळूहळू कातडीवरून आत सरकत गेली आहे, आधी रक्तात, मग भावनेत, मग आठवणीत. आणि ती आठवणीत पोचली तेव्हा परीक्षा घेणाराच गोत्यात आला. (पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट उघडे पडणार आहेत. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी सिनेमे पाहून यावं.)

मुळात हा संशय सिनेमाला इतका का मानवतो? कादंबरीत लेखक पात्राच्या डोक्यात शिरून तिथे काय चाललंय ते सांगू शकतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही, तो फक्त बाहेरून पाहतो. १६४१ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने नेमका हाच पेच मांडला होता. खिडकीतून रस्त्यावरची माणसं पाहतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दिसतात त्या टोप्या आणि कोट. त्यांच्या आत यंत्रंही असू शकतील. ती माणसं आहेत हे डोळ्यांनी दिसत नाही, आपण ठरवतो. सिनेमाचा पडदा ही तीच खिडकी.

त्यात आणखी एक गंमत आहे. माणसासारखा दिसणारा पडद्यावरचा यंत्रमानव बहुतेक वेळा हाडामांसाचा नटच असतो. आणि नटाचं काम काय, तर दुसऱ्याने लिहिलेल्या आठवणी आपल्या म्हणून सांगायच्या, न आलेलं रडू डोळ्यांत आणायचं. यंत्रमानवावर नेमका हाच आरोप ठेवला जातो. म्हणजे पडद्यावरचा 'खरा माणूस'सुद्धा सोंगच करत असतो आणि आपण ते विसरायचं असतं.

सुरुवातीला प्रेक्षकाला या कोड्यात ओढलंच जात नव्हतं. फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'मध्ये मारिया नावाच्या मुलीची हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती तयार होते. दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या एकाच नटीने केल्या आहेत. पडद्यावरचे कामगार फसतात, पण आपल्याला पहिल्यापासून सगळं माहीत असतं. शेवटी जमाव नकली मारियाला जाळतो आणि कातडीखालचा धातू उघडा पडतो. संशय मिटला. १९७३च्या 'वेस्टवर्ल्ड'मध्ये तर खूण आधीच सांगून टाकली आहे: हातांकडे बघा, ते अजून नीट जमलेले नाहीत. आणि 'टर्मिनेटर'मध्ये (१९८४) यंत्रमानवाच्या जुन्या मॉडेलची कातडी रबराची होती म्हणून ती चटकन ओळखू यायची. नव्या मॉडेलला घाम येतो, तोंडाला वाससुद्धा येतो. दमयंतीची पहिली खूण तिथेच बाद. उरतात फक्त कुत्री, ती अजून भुंकतात. या सिनेमांतल्या कुत्र्यांवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. माणसाला जे कळत नाही ते त्यांना कळतं असं दिग्दर्शक धरूनच चालतात. एक सिनेमा मात्र याला अपवाद आहे.

तो सिनेमा म्हणजे जॉन कारपेंटरचा 'द थिंग'. अंटार्क्टिकातल्या अमेरिकी तळावर बारा पुरुष. बर्फातून एक कुत्रा पळत येतो, मागून हेलिकॉप्टरमधले नॉर्वेजियन त्याच्यावर गोळ्या झाडताहेत. कोणालाही वाटेल की हे लोक वेडे झालेत. तळावरचे लोक कुत्र्याला आत घेतात, आणि तिथेच घात होतो, कारण तो कुत्रा कुत्रा नसतो. कुठल्याही सजीवाची पेशी न् पेशी नक्कल करणारा परग्रहावरचा जीव त्याच्या रूपात आत आलेला असतो. थोड्याच वेळात बारांपैकी कोण अजून तोच आहे आणि कोणाची जागा घेतली गेली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. प्रेक्षकालाही नाही. 'मेट्रोपोलिस'मध्ये आपण दिग्दर्शकाच्या शेजारी बसलो होतो, इथे त्या बारांबरोबर कोंडले गेलो आहोत.

इथली खूण रक्तात आहे. मॅकरेडी नावाचा वैमानिक तर्क लढवतो. या जीवाचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे जगू पाहतो, म्हणजे त्याच्या रक्ताचा थेंबसुद्धा जीव वाचवायला धडपडेल. मग तो सगळ्यांना बांधून घालतो, प्रत्येकाचं थोडं रक्त बशीत घेतो आणि तापवलेली तार त्यात बुडवतो. माणसाचं रक्त नुसतं चुरचुरतं. नकली रक्त किंचाळून उडी मारतं. प्रसंग अंगावर येतो तो तसा येतोच, पण माझ्या मते त्यातला सगळ्यात बोचरा क्षण वेगळाच आहे. क्लार्क नावाच्या सहकाऱ्याला मॅकरेडीने थोड्याच वेळापूर्वी गोळी घातलेली असते, कारण तो सुरी घेऊन अंगावर आला होता. आता त्या मेलेल्या क्लार्कचं रक्त तपासलं जातं. ते माणसाचं निघतं. म्हणजे तू खुनी, असं दुसरा सहकारी बांधलेल्या अवस्थेत मॅकरेडीला सुनावतो. चाचणीने एका नकली माणसाबरोबर एक खरा खुनीही शोधून काढला, पण बशीत बुडवलेली तार त्याला काही करू शकत नाही.

शेवटी तळ जळून जातो. दोघेच उरतात, गोठत बसलेले, मध्ये दारूची एक बाटली. समोरचा माणूस आहे का हे दोघांनाही ठाऊक नाही, आणि आता तपासायला त्राणही नाही. हा शेवट 'सुटत नाही' म्हणून लोक दशकानुदशकं वाद घालत आले आहेत, श्वासाची वाफ कोणाच्या तोंडातून दिसते, कोणाच्या नाही इथपर्यंत. मला हा उद्योग जरा हास्यास्पद वाटतो. त्या दोघांना जे कळू शकत नाही ते आपल्यालाही कळू नये, यातच त्या शेवटाची सगळी थंडी आहे.

रक्ताच्या आत गेलं की लागते भावना. इथला मूळपुरुष १९५६चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'. एका छोट्या गावात लोक डॉक्टरकडे येऊन सांगू लागतात की माझी आई माझी आई नाही, माझे काका माझे काका नाहीत. दिसायला तेच, जुन्या आठवणी सगळ्या ठाऊक, मग वेगळं काय? डोळ्यांत असायचा तो जिव्हाळा नाही. गंमत म्हणजे ही तक्रार कोणा लेखकाने हवेतून काढलेली नाही. १९२३ साली झोझेफ काप्ग्रा या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञाने अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. आपल्या घरच्यांच्या जागी हुबेहूब तोतये आले आहेत अशी तिची पक्की खात्री होती. आज या भ्रमाला काप्ग्राचंच नाव आहे. त्याचं एक प्रचलित स्पष्टीकरण असं, की चेहरा ओळखणं आणि ओळखीचा चेहरा दिसल्यावर आतून ऊब येणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चालू राहिलं आणि दुसरं बंद पडलं, तर मेंदूपुढे कोडं पडतं: आईसारखी दिसते, पण आईसारखं वाटत नाही. मग तो उत्तर काढतो की ही आई नव्हेच. आता हे उलटून पाहा. बिघाड पाहणाऱ्यात आहे आणि संशय समोरच्यावर आहे. 'बॉडी स्नॅचर्स'मध्ये लोकांचा संशय खरा निघतो, पण काप्ग्राच्या रुग्णालाही तो तितकाच खरा वाटत होता.

याच सिनेमात परीक्षा उलटीही घेतली जाते. गाव बदललेल्या लोकांनी भरलेलं, आणि नायक-नायिकेला त्यांच्यातून चालत जायचं आहे. त्यासाठी निर्विकार चेहरा ठेवायचा. इथे माणसाला माणूस नसल्याचं सोंग करायचं आहे. जमतंही, पण तेवढ्यात एक कुत्रा गाडीखाली येता येता वाचतो आणि तिच्या तोंडून किंकाळी निघते. पकडले जातात. पुन्हा कुत्राच.

भावनेच्या परीक्षेचं सगळ्यात सविस्तर रूप 'ब्लेड रनर'मध्ये आहे. रिडली स्कॉटचा हा सिनेमा आणि 'द थिंग' अमेरिकेत एकाच दिवशी लागले, २५ जून १९८२ला, आणि तेव्हा दोन्ही आपटले. 'ब्लेड रनर'मधले कृत्रिम मानव, म्हणजे रेप्लिकंट, धातूचे नाहीत. रक्तमांसाचे आहेत, त्यामुळे तार बुडवून काही उपयोग नाही. मग त्यांच्यासाठी एक यंत्र आहे. ते समोरच्याच्या डोळ्यावर रोखायचं आणि विचित्र प्रश्न विचारायचे. वाळवंटात एक कासव पाठीवर पडून तडफडतंय आणि तू मदत करत नाहीस, का? डोळ्यातली बाहुली किती मोठी होते, चेहऱ्यावर लाली चढते का, हे यंत्र मोजतं. दुसऱ्याच्या दुःखाने शरीर आपसूक हललं तर माणूस, नाही तर रेप्लिकंट. रेप्लिकंट ठरला तर त्याला ठार करायचं, फक्त त्याला ठार करणं म्हणायचं नाही, 'निवृत्त करणं' म्हणायचं.

ज्या कादंबरीवर हा सिनेमा बेतला आहे ती फिलिप के. डिकची, १९६८ची. एका वेगळ्या पुस्तकासाठी नाझी कागदपत्रं चाळताना डिकला पोलंडमधल्या, हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलातल्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी वाचायला मिळाली होती. उपाशी मुलांच्या रडण्याने झोप लागत नाही, अशी त्यात तक्रार होती. मुलं उपाशी आहेत ही नव्हे, झोपमोड होते ही. डिकच्या डोक्यात 'अँड्रॉइड' ही कल्पना इथून घट्ट झाली: शरीराने पूर्ण माणूस, पण आत ओलावा नाही. म्हणून त्याच्या कादंबरीत ही चाचणी पहिल्यापासून डळमळीत आहे. काही मनोरुग्ण या चाचणीत नापास होऊ शकतात आणि मग त्यांना यंत्र समजून मारलं जाईल, ही भीती पोलिसांनाच आहे. उलट फिल रेश नावाचा एक अँड्रॉइड-शिकारी इतका थंडपणे गोळ्या घालतो की तोच अँड्रॉइड असणार असं आपण धरून चालतो. चाचणी होते. तो माणूस निघतो. वाचताना तिथे चक्क निराशा होते, आणि ती निराशा डिकने मुद्दाम पेरली आहे.

सिनेमात हेच दुसऱ्या टोकाने येतं. ज्याला मारायला पोलीस पाठवला आहे तो रॉय नावाचा रेप्लिकंट शेवटी त्याच पोलिसाला छतावरून पडताना हात देऊन वर ओढतो. स्वतःची चार वर्षांची मुदत संपत आलेली, बदला घ्यायला हवं तेवढं कारण. कासवाच्या प्रश्नाचं उत्तर त्याने कोणी न विचारताच दिलं, फक्त तेव्हा ते नोंदवायला यंत्र लावलेलं नव्हतं.

आता खूण सर्वांत आत जाते. रेचल ही तरुणी स्वतःला माणूस समजते. इतरांना तपासायला वीसतीस प्रश्न पुरतात, तिला शंभराहून जास्त लागतात. डेकार्ड हा पोलीस मग तिला तिच्याच लहानपणीच्या आठवणी सांगू लागतो. खिडकीबाहेरची कोळीण, तिचं अंडं, त्यातून निघालेली आणि आईलाच खाऊन टाकणारी शंभर पिल्लं. तिने हे कधीच कोणाला सांगितलेलं नाही. ही आठवण तिला बनवणाऱ्याच्या पुतणीची आहे, तिच्या डोक्यात घातलेली.

इथे कोडं कूस बदलतं. घाम, हात, रक्त, डोळ्याची बाहुली या सगळ्या दुसऱ्याच्या खुणा होत्या, आणि तपासणारा स्वतः सुरक्षित होता. पण मी माणूस आहे हे मी कशावरून म्हणतो? मला बालपण आठवतं म्हणून. ते बालपणच पेरलेलं असेल तर? आतून पाहिलं तर खरी आठवण आणि पेरलेली आठवण यांत काहीच फरक नाही, दोन्ही सारख्याच 'माझ्या' वाटतात. रेचल मग डेकार्डला विचारते, ही तुझी चाचणी तू स्वतः कधी दिली आहेस? उत्तर येत नाही, कारण त्याला झोप लागलेली आहे.

डेकार्ड स्वतः माणूस आहे का, हा सिनेमाविश्वातला एक गाजलेला वाद. मला त्यात रस आहे तो उत्तरासाठी नाही, तो वाद कशाने पेटला यासाठी. १९८२च्या आवृत्तीच्या शेवटी त्याला दाराशी कागदाचा घडी घातलेला एकशिंगी घोडा सापडतो, त्याच्या एका सहकाऱ्याने ठेवलेला. तेव्हा त्याला फारसा अर्थ नव्हता. १९९२च्या आवृत्तीत स्कॉटने मध्येच काही सेकंदांचा एक तुकडा घातला: डेकार्डला एकशिंगी घोड्याचं स्वप्न पडतं. आता तो कागदी घोडा भयंकर झाला. याच्या डोक्यातलं स्वप्न सहकाऱ्याला कसं ठाऊक? रेचलच्या कोळिणीसारखंच ते कोणीतरी घातलेलं तर नाही? नट तोच, संवाद तेच, अभिनय तोच, पण संपादकाच्या टेबलावर एका माणसाचं माणूसपण गेलं. डेकार्ड रेप्लिकंट आहे असं स्कॉटने स्पष्ट सांगितलं आहे. ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डला मात्र तो माणूसच हवा होता. एकाच पात्राबद्दल दोघांनी दोन वेगळ्या समजुतींनी काम केलं, म्हणूनच कदाचित ते दोन्ही बाजूंनी खरं वाटतं.

आठवणीची ही वाट अनेकांनी चोखाळली. जपानी 'घोस्ट इन द शेल'मध्ये (१९९५) कचरागाडीवरच्या एका कामगाराला कळतं की आपली बायको, आपली मुलगी यांपैकी कोणीच नाही, सगळं बाहेरून घातलेलं. तो जो फोटो अभिमानाने दाखवत असतो त्यात मुलगी नाहीच. सगळ्यांत हळवी उलथापालथ मात्र तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) आहे. अंतराळस्थानकावर शास्त्रज्ञाला त्याची मेलेली बायको, हारी, भेटते. ती बनली आहे त्याच्या आठवणीतून. तिच्या पोशाखाला उघडायची सोयच नाही, तो कात्रीने कापावा लागतो. त्याच्या आठवणीत पोशाख होता, त्याचे बंद नव्हते, असाच मी त्याचा अर्थ लावतो. ती दुसऱ्याच्या आठवणीएवढीच पुरी आहे आणि दुसऱ्याच्या आठवणीएवढीच अपुरी. आपण खऱ्या हारी नाही हे तिला कळतं, आणि कळल्यावर तिला होणारं दुःख मात्र तिचं स्वतःचं असतं.

एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर 'रोबो' या शब्दातच आहे. तो आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून, चेक 'रोबोटा'वरून, म्हणजे वेठबिगारी. चापेकचे रोबो लोखंडी नव्हते, कारखान्यात मळलेल्या मांसासारख्या पदार्थाचे होते. सुरुवातीलाच कारखान्यात आलेली हेलेना एका रोबोला मुलगी समजते आणि माणूस असलेल्या अधिकाऱ्यांना रोबो. प्रेक्षक हसतात, पण हिशेब सरळ आहे: कोणाकडून फुकट राबवून घ्यायचं आणि कोणाकडून नाही, हे ठरवायला रेघ लागते, आणि रेघ मारायला खूण. या सिनेमांत कुतूहल म्हणून चाचणी क्वचितच होते. तार तापवणाऱ्याच्या हाती आग ओकणारं शस्त्र असतं, कासवाचा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात पिस्तूल.

अॅलेक्स गार्लंडच्या 'एक्स माकिना'ने (२०१४) खुणांचा हा सगळा पसारा उधळून लावला. गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९५० साली सुचवलेल्या खेळात यंत्र पडद्याआड असतं, परीक्षक फक्त लेखी उत्तरं वाचतो. इथे एव्हा समोर बसली आहे, पोटातल्या तारा आरपार दिसताहेत. ती यंत्र आहे हे पहिल्या क्षणापासून उघड. तिला बनवणारा म्हणतो, यंत्र आहे हे माहीत असूनही तुला तिच्यात कोणी जाणवतं का, हीच खरी परीक्षा. परीक्षा घेणारा केलेब काही दिवसांत असा हलतो की एका रात्री आरशासमोर ब्लेडने स्वतःचा हात चिरून आत तारा आहेत का पाहतो. रक्त येतं. त्याने त्याला किती धीर आला असेल याची मला शंकाच आहे.

२०१७च्या 'ब्लेड रनर २०४९'मध्ये के नावाच्या नायकाबद्दल गुपितच ठेवलेलं नाही. के रेप्लिकंट आहे, त्याला ते माहीत आहे, आपल्यालाही. ओसाड लास व्हेगासमध्ये त्याला म्हातारा डेकार्ड सापडतो, पस्तीस वर्षांनंतरही संशयाच्या त्याच उंबरठ्यावर ठेवलेला. डेकार्डजवळ एक कुत्रा आहे. तो त्याच्यासाठी फरशीवर थोडी व्हिस्की ओततो. के विचारतो, हा खरा आहे का?

माहीत नाही, डेकार्ड म्हणतो. त्यालाच विचार.